दोन किलोची बातमी कुठल्या पानावर छापणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परवा आपल्या पेपरात आतल्या पानावर एका कॉलेजच्या प्रोफेसर साहेबांचा फोटो बघितला. शाल, श्रीफळ, बुके, मागे संस्थेचे सगळे पदाधिकारी ओळीने उभे, आणि खाली बातमी की सरांचं नाव म्हणे स्टॅनफर्डवाल्यांच्या जगातल्या टॉप २ टक्के शास्त्रज्ञांच्या लिस्टमधे आलं. सरांचं अभिनंदन, त्यात काही वाद नाही. पण मी ती बातमी दोनदा वाचली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली, तरी सरांनी नेमकं शोधलं काय हे काही मला सापडलं नाही. विषयसुद्धा दिलेला नाही हो. उपस्थितांची नावं मात्र सतरा, मी मोजली, रिटायर माणसाला वेळ असतो.

म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, छापताना कापलंत तरी चालेल, पण मधला टीबीचा भाग कापू नका एवढी विनंती.

मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होतो. डॉक्टर नाही, प्रोफेसर तर अजिबात नाही. माझं काम म्हणजे थुंकी तपासायची. सकाळी पेशंट डबीत बेडका घेऊन यायचा, त्याची काचपट्टीवर पातळ स्लाईड करायची, त्यावर लाल रंगाचं कार्बोल फ्युक्सिन ओतून खालून स्पिरीटच्या बोळ्याने वाफ निघेपर्यंत गरम करायचं, उकळू द्यायचं नाही, मग ॲसिडने धुवायचं, मग निळं मिथिलीन ब्लू. एवढं केल्यावर मायक्रोस्कोपखाली निळ्या पार्श्वभूमीवर बारीक बारीक लाल काड्या दिसल्या की समजायचं, टीबी. एकेका फील्डमधे दहापेक्षा जास्त काड्या असल्या की रजिस्टरला लाल पेनने थ्री प्लस लिहायचं. असे थ्री प्लस मी किती लिहिले याचा हिशोब नाही. आता सीबीनॅट ट्रुनॅट अशी मशिनं आली, बरं झालं, नवीन पोरांची फुप्फुसं वाचली.

तर मुद्दा असा. २०२३ च्या ऑगस्टमधे लॅन्सेट या जगातल्या नामांकित मेडिकल जर्नलमधे आपल्या देशातल्या एका रिसर्चचा पेपर आला आणि जोडीला लॅन्सेट ग्लोबल हेल्थमधे दुसरा. करणारे कोण, तर मंगळूरच्या येनेपोया या अभिमत विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजातले डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव, सोबत चेन्नईची एनआयआरटी, म्हणजे टीबीवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था, आणि सरकारी टीबी कार्यक्रमातली माणसं, पैसा आयसीएमआरचा, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा. नाव रॅशन्स ट्रायल. नावातच रेशन आहे बघा! मी तेव्हा रोज तीन पेपर वाचत होतो, लायब्ररीत बसून. मला ही बातमी कुठेही धड दिसली नाही. एका ठिकाणी चार ओळी होत्या, त्यापण पाककृतीच्या चौकटीशेजारी. मला खरी माहिती मिळाली ती आमच्या जुन्या स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथे एरवी फक्त गुड मॉर्निंगची फुलं आणि डीएच्या थकबाकीचे मेसेज येतात.

काय केलं त्यांनी, ते साध्या भाषेत सांगतो. झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत थुंकीत टीबी सापडलेले २,८०० पेशंट घेतले आणि त्या पेशंटच्या घरात राहणारी १०,३४५ माणसं. बरेचसे आदिवासी, संथाळ, हो, मुंडा वगैरे. पेशंटना सगळ्यांनाच सहा महिने औषधाबरोबर दर महिन्याला १० किलोचं पार्सल, तांदूळ डाळ दूधपावडर तेल आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या. इथपर्यंत सगळे समान. फरक घरच्यांमधे. निम्म्या भागातल्या घरांमधे घरच्या प्रत्येक माणसालासुद्धा महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि गोळ्या दिल्या, उरलेल्या भागात घरच्यांना ते दिलं नाही. मग जवळजवळ दोन वर्षं नजर ठेवली की घरच्यांपैकी नवीन टीबी कोणाला होतो. मधे करोना आला, लॉकडाऊन लागलं, तरी ९० टक्क्यांहून जास्त लोकांचा पाठपुरावा पूर्ण केला. ज्याने फील्डवर काम केलंय त्यालाच या वाक्याची किंमत कळेल, आमच्याकडे साध्या दिवसांत चार वाड्यांवर फेरी पूर्ण व्हायची मारामार.

आणि निकाल? ज्या घरात सगळ्यांना धान्य मिळालं तिथे नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी. फुप्फुसाचा, तपासणीत जंतू सापडलेला, म्हणजे जो दुसऱ्याला पसरतो तो, ४८ टक्क्यांनी कमी. तांदूळ आणि डाळ हो! नवी लस नाही, परदेशी इंजेक्शन नाही. खर्च २०१९ च्या भावाने पेशंटमागे महिना साधारण ११०० रुपये आणि घरच्या माणसामागे ३२५. म्हणजे पेशंट सोडून घरात चार माणसं धरली तर त्या चौघांचे सहा महिन्यांचे ७८०० रुपये. सत्काराचा मांडव, हार, फटाके आणि चौकातला फ्लेक्स यांचं बिल एकदा आणून बघा.

लॅन्सेट ग्लोबल हेल्थमधल्या त्या दुसऱ्या पेपरातली गोष्ट मला त्याहून जास्त लागली, कारण ती माझ्या डोळ्यासमोर ३१ वर्षं होती आणि मला दिसली नाही. पेशंटचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं तर मरायचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ४० किलोच्या माणसाचे ५ टक्के म्हणजे किती, दोन किलो. फक्त दोन किलो. आता एखादा म्हणेल की जो वाचणार होता त्याचंच वजन वाढलं असेल, वजन वाढलं म्हणून वाचला कशावरून, आणि हा प्रश्न बरोबरच आहे, एवढं मलापण कळतं. पण निदान ज्याचं वजन वाढत नाहीये तो धोक्यात आहे हे तर दुसऱ्या महिन्यातच कळतं ना, काट्यावर उभं केलं की कळतं, त्याला कुठलं मशीन लागतं?

आणि इथेच खरी गंमत आहे, गंमत कसली. मी ज्या एका सेंटरला होतो तिथला काटा रिकामा असतानाच दीड किलो दाखवायचा. खालचा स्क्रू फिरवून शून्यावर आणायचा तर स्क्रूच गायब. नवीन काट्याची मागणी दोनदा गेली, काटा आला तो मी बदली होऊन गेल्यावर. त्यामुळे पेशंटच्या कार्डावर पहिल्या महिन्यात ४१, दुसऱ्यात ४१, सहाव्यातही ४१. कोणी वजन केलंच नाही, मागचा आकडा बघून पुढे ओढला. मीपण सह्या केल्यात अशा कार्डांवर, उगाच साळसूदपणा करत नाही. आम्हाला वाटायचं वजन म्हणजे भरायचा एक रकाना, खरी गोष्ट थुंकी निगेटिव्ह झाली की नाही ती.

असं का वाटायचं तेही सांगतो, कारण त्यात एक जुना रिसर्चच आहे. १९५६ साली मद्रासला एक मोठा प्रयोग सुरू झाला. निम्मे पेशंट सॅनेटोरियममधे, तिथे आराम, चांगलं जेवण, नर्स. निम्मे आपापल्या झोपडपट्टीतल्या घरात, तेच काम, तेच अर्धपोट जेवण. गोळ्या दोघांना सारख्याच. वर्षानंतर बघितलं तर बरे होण्याचं प्रमाण जवळजवळ सारखं. ही गोष्ट तेव्हा फार मोठी होती, कारण गरिबाला सॅनेटोरियम कुठून परवडणार, आमच्याकडचे लोक मिरजेला किंवा मुंबईत शिवडीला नेऊन ठेवायचे म्हणजे घरचा अर्धा संसार विकायचे. मद्रासच्या प्रयोगामुळे जगभर टीबी घरीच बरा करायची पद्धत आली, लाखो लोक वाचले. पण त्या सोबत एक वाक्य आमच्या ट्रेनिंगमधे येऊन बसलं, की बाबांनो गोळ्या महत्वाच्या, खास आहाराची काही गरज नाही. सर ते वाक्य फळ्यावर लिहायचे आणि आम्ही वहीत उतरवायचो. गोळ्यांनी जंतू मरतो हे खरंच होतं, पण जंतू मेल्यावर ३६ किलोचा माणूस परत गवंड्याच्या हाताखाली पाट्या कसा उचलणार आणि त्याच्या शेजारी झोपणाऱ्या पोरांचं काय, हे त्या वाक्यात नव्हतं. आणि मजा बघा, मद्रासचं ते केंद्र म्हणजेच आजची चेन्नईची एनआयआरटी, आणि ती या झारखंडच्या ट्रायलमधेही आहे. पासष्टेक वर्षांनी त्याच संस्थेने उरलेलं अर्धं वाक्य लिहायला हात लावला. एखाद्या पत्रकाराला यात स्टोरी दिसू नये?

भार्गव डॉक्टरांचंही हे एका रात्रीत झालेलं नाही. ते आधी छत्तीसगडमधे बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोगच्या दवाखान्यात होते. तिथे येणाऱ्या टीबी पेशंटची वजनं त्यांनी नीट लिहून ठेवली, तर पुरुषांचं वजन ४२ किलोच्या आसपास आणि बायकांचं ३४. चौतीस किलो म्हणजे आपल्याकडची सातवी-आठवीतली पोरगी. तो पेपर २०१३ चा. म्हणजे सुरुवात काट्यापासूनच झाली, फक्त त्यांनी रकाना खरा भरला.

आता घरच्यांना धान्य का द्यायचं, पेशंटला दिलं की पुरे नाही का, असं आमच्या ग्रुपवर एकाने विचारलं. त्याला मी एक गोष्ट सांगितली ती इथेही सांगतो, गाव सांगत नाही. एक पेशंट होता, ऊसतोडीला जाणारा, थ्री प्लस. गोळ्या चुकवू नये म्हणून आमच्या सुपरवायझरबरोबर मी त्याच्या घरी गेलो होतो. एका दानशूर माणसाने त्याला रोज एक अंडं लावून दिलं होतं. बाईने आमच्यासमोर अंडं उकडलं, सोललं आणि शिवणाच्या दोऱ्याने कापलं. चार भाग. आपल्याकडे बायका दोऱ्यानेच कापतात, सुरीला बलक चिकटून वाया जातो. एक भाग त्याला, तीन पोरांना एकेक, आणि दोऱ्याला जे लागलं होतं ते तिने बोटाने निपटून जिभेला लावलं. सुपरवायझर रागावला, अंडं पेशंटचं आहे म्हणाला. ती काही बोलली नाही. काय बोलणार, तिने काय पोरांना म्हणायचं का की बाप खातोय तुम्ही बघा? तो बरा झाला. दीड वर्षाने त्या घरातली थोरली पोरगी डबी घेऊन माझ्या खिडकीशी आली. स्लाईड मीच लावली.

त्यामुळे १०,३४५ हा आकडा वाचला ना, तेव्हा मला ती पोरगी आठवली. मंगळूरच्या लोकांनी अंड्याचे चार भाग होणार हे धरूनच ट्रायल बांधली, म्हणून मला त्यांचा जास्त आदर आहे.

पुढे काय झालं? एकदम काहीच झालं नाही असं म्हणणार नाही. टीबी पेशंटला खाण्यासाठी सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिना ५०० रुपये २०१८ पासून मिळतात, ते २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० झाले. फार बारीक पेशंटना पहिले दोन महिने ताकदीचं खाणं द्यायचं ठरलं, आणि निक्षय मित्र योजनेत घरच्या माणसांनाही शिधा देता येईल असं जाहीर झालं. घरच्यांना टीबी होऊ नये म्हणून गोळ्यासुद्धा देतात, तेही चांगलंच. पण निक्षय मित्र म्हणजे कोणीतरी दाता मिळाला तर शिधा, नाही मिळाला तर नाही. आणि १००० रुपये खात्यात यायचे तर आधी खातं पाहिजे, त्याला आधार लिंक पाहिजे, मी असताना एका पेशंटचे पैसे त्याचा कोर्स संपून गेल्यावर आले, त्याने त्यातून पोराची फी भरली म्हणे. बरं, रेशनवर माणशी ५ किलो धान्य आपल्याकडे मिळतंच आहे, अडतं कुठे तर डाळीला. सणासुदीला आनंदाचा शिधा काढून चणाडाळीची पिशवी दुकानात पोचवता येते हे आपल्या राज्याने करून दाखवलंच आहे, मग टीबीच्या घराला सहा महिने पोचवायला काय हरकत आहे? जगातल्या दर चार टीबी पेशंटमागे एक आपल्या देशातला आहे आणि २०२५ पर्यंत टीबी संपवायचा म्हणून २४ मार्चला, जागतिक टीबी दिनाला, शाळेच्या पोरांच्या रॅल्या मी दरवर्षी बघितल्यात, उन्हात, टोप्या घालून. त्या टोप्यांच्या पैशात डाळ आली असती असं म्हणणं फार कडू होईल, पण आता म्हणून गेलो.

पुन्हा मूळ मुद्द्यावर येतो, प्रोफेसर लोकांच्या यशाच्या बातम्या. प्रत्येक मेडिकल कॉलेजात एक डिपार्टमेंट असतं, कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे एका पेशंटऐवजी सगळ्या वस्तीच्या आरोग्याचा विषय, जुने लोक पीएसएम म्हणतात. पोरं या तासाला झोपतात किंवा येतच नाहीत, पीजीला बाकी काही मिळालं नाही की ही सीट घेतात, आणि तिथल्या सरांना नातेवाईक विचारतात, प्रॅक्टिस कधी सुरू करणार? पण जगात मोठमोठी कामं बघाल तर याच विषयातली सापडतात, करणारा डॉक्टर कुठल्याही डिपार्टमेंटचा असो. १९७१ ला बांगलादेशचे निर्वासित बनगावच्या कॅम्पात कॉलऱ्याने मरत होते, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज, खायचा सोडा पाण्यात कालवून ड्रममधून वाटलं, मृत्यू ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. ते तेव्हा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कलकत्त्यातल्या सेंटरमधे नोकरीला होते, म्हणजे विद्यापीठाचेच माणूस. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ ला, ते गेले २०२२ ला. आपल्याकडे सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात विद्यार्थ्यांची प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, तिथे राहून येते, कित्येक वर्षं चाललंय, आणि वर्धा सोडून किती वाचकांना हे माहीत आहे?

लिस्टमधे नाव येणं वाईट नाही. पण ती लिस्ट कशी बनते, तर त्या शास्त्रज्ञाच्या रिसर्च पेपरांचा उल्लेख दुसऱ्या शास्त्रज्ञांनी आपल्या पेपरांत किती वेळा केला याच्यावर. गनियारीच्या ३४ किलोच्या बाईला उल्लेख करता येत नाही. तेव्हा तिच्यासाठी झालेलं काम शोधून काढायचं कोणी, तर पेपरवाल्यांनीच ना?

माझी सूचना अगदी लहान आहे. पुढच्या वेळी कुठल्या कॉलेजचं प्रेसनोट आलं, अमुक सरांचं संशोधन आंतरराष्ट्रीय जर्नलमधे वगैरे, तर आपल्या वार्ताहराने फोन करून एवढंच विचारावं की सर कुठल्या गावात केलंत, किती माणसांवर केलंत आणि काय सापडलं. सर खरे असतील तर तासभर बोलतील, फोन ठेवणार नाहीत, मी असे सर बघितलेत. आणि आपल्या जिल्ह्यातल्या मेडिकल कॉलेजात एमडीच्या पोरांचे थिसीस लायब्ररीच्या कपाटात पडलेत, लाल रेक्झिनचे, सोनेरी अक्षरांचे, त्यातला एखादा महिन्याला काढून वाचला तरी एक सदर होईल. सगळे वाचनीय नसतात, पाच चाळलेत मी, तीन झोप आणणारे होते. दोन मात्र असे होते की तालुक्याच्या सभापतींनी वाचायला हवेत.

दुसरं एक काम आहे, त्याला रिसर्च लागत नाही. वार्ताहराने कुठल्याही एका आरोग्य केंद्रात जावं, कोणा पेशंटचं नाव विचारू नये, ते विचारायचंही नसतं, फक्त डॉक्टरांना विचारावं की मागच्या तीन महिन्यांत जे टीबीचे पेशंट लागले त्यांच्यातल्या किती जणांचं दुसऱ्या महिन्याचं वजन खरोखर केलं आणि किती जणांचं दोन किलो वाढलं. आणि जाताना काट्यावर स्वतः उभं राहून बघावं, आधी रिकामा किती दाखवतो ते बघून.

आमच्याकडे यायचं असेल तर मंगळवारी या, त्या दिवशी बाजार असतो, लांबच्या वाड्यांवरचे लोक गोळ्या न्यायला त्याच दिवशी येतात. मी लायब्ररीत असतो, केंद्र समोरच आहे.

आपला जुना वाचक,
एक रिटायर लॅब टेक्निशियन
(नाव छापू नये ही विनंती, पेन्शनचं एक प्रकरण अजून टेबलावर आहे)